छोट्या हॉलमधला सबवूफर घुमतो, गुणगुणतो किंवा वाजतच नाही: नवा घेण्याआधीची तपासणी

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. दहा बाय बाराच्या खोलीत नवा सबवूफर (फक्त खालचा, जाड आवाज वाजवणारा स्पीकर, थोडक्यात सब) येतो, चार दिवस मजा येते, मग लक्षात येतं की प्रत्येक गाण्यात तोच एक ‘घूं’ ऐकू येतोय. संवाद गढूळ होतात आणि सिनेमातला स्फोट मात्र पोकळ वाटतो. मग आठ इंची सब विकून दहा इंची आणला जातो. घूं तसाच राहतो, कारण तो सबचा नव्हताच, खोलीचा होता.

खालचा क्रम खिशाचा विचार करून लावला आहे. आधी फुकटचे उपाय, मग शे-दोनशेचे, आणि नवा सब सगळ्यात शेवटी.

बेस घुमतो, एकच सूर ऐकू येतो

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाजाची लाट अडकते आणि ठरावीक वारंवारतेला खोली स्वतःच वाजायला लागते. ती वारंवारता काढायचं गणित सोपं आहे: ५६५ ला दोन भिंतींमधल्या फुटांनी भागायचं. बारा फुटांना ४७ हर्ट्झ, दहा फुटांना ५६, सोळा फुटांना ३५. छत साडेनऊ फुटांवर असेल तर ५९. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत ४७, ५६ आणि ५९ अशा तीन वारंवारता एकमेकींना खेटून बसतात. बेस गिटारचे खालचे सूर आणि ड्रमची किक याच पट्ट्यात येतात. खोली अगदी चौरस असेल तर दोन वारंवारता एकावर एक पडतात आणि त्रास आणखी वाढतो.

त्यात स्वस्त सबची स्वतःची भर पडते. आठ-दहा इंची पोर्टेड सबचा पोर्ट (डब्याला असलेली हवेची नळी) बरेचदा ४० हर्ट्झच्या आसपास ट्यून केलेला असतो आणि ४५ ते ६० च्या पट्ट्यात आवाज थोडा फुगवलेला असतो, कारण शोरूममध्ये त्याच दणक्यावर गिऱ्हाईक भुलतं. सबचा फुगवटा आणि खोलीचा फुगवटा एकाच जागी आले की घूं तयार.

खात्री करायला फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप घ्या आणि फोन रिसीव्हरला (सगळे स्पीकर चालवणाऱ्या होम थिएटरच्या ॲम्प्लिफायरला) जोडा. आवाज मध्यम ठेवून ३० हर्ट्झपासून ८० पर्यंत तीन-तीन हर्ट्झने वर चढा. ज्या जागी बसून सिनेमा बघता तिथेच बसून ऐका आणि कुठे आवाज एकदम उसळतो, कुठे गायब होतो ते कागदावर लिहा. उसळी भागाकाराच्या उत्तराजवळ आली तर दोष खोलीचा आहे. फोनवरच्या आवाजमापक ॲपवर भिस्त ठेवायची असेल तर त्यातलं ‘ए’ वेटिंग (मोजताना वारंवारतेनुसार आवाज कापायची पद्धत) बदलून ‘सी’ किंवा ‘झेड’ करा. ‘ए’ वेटिंग ५० हर्ट्झला जवळजवळ ३० डेसिबल कापतं आणि सगळं शांत असल्यासारखं दाखवतं. फोनचा माइक एवढ्या खालच्या आवाजाला भरवशाचा नसतो, पण एकाच वारंवारतेला सबच्या दोन जागांची तुलना करायला पुरतो.

आता सब हलवायचा. सगळ्यात चांगली रीत जरा हास्यास्पद दिसते, पण तिच्याइतकं काम दुसरं काही करत नाही. सब उचलून सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा. बेस भरपूर असलेलं, चालता सूर असलेलं गाणं लावा आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेने फिरा. कान सबच्या नेहमीच्या उंचीवर हवेत. जिथे सगळे सूर साधारण सारख्या जोराने ऐकू येतील ती सबची जागा. स्रोत आणि कान यांची अदलाबदल केली तरी दोघांमधला आवाजाचा मार्ग तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. जिथे सर्वांत मोठा आवाज येतो ती जागा मात्र निवडू नका. ती बहुधा कोपरा असते, आणि कोपऱ्यातला सब खोलीच्या सगळ्या वारंवारता एकदम उठवतो.

आपल्या घरांत सब ठेवायला तीन-चारच जागा निघतात: टीव्ही युनिटच्या शेजारी, सोफ्याच्या हाताशी, दाराआडचा कोपरा, फार तर खिडकीखाली. तेवढ्यातच पर्याय तपासा. भिंतीच्या बरोबर मध्यावर ठेवलेला सब त्या भिंतीच्या लांबीची पहिली वारंवारता जवळजवळ उठवतच नाही. बारा फुटी भिंतीला सहा फुटांवर सब ठेवला की ४७ चा घूं बराच बसतो. टीव्ही युनिटच्या मधल्या खणात सब कोंबायचा मोह मात्र आवरा, लाकडी खण स्वतःच वाजतो.

सब हलेना तर सोफा हलवा. छोट्या हॉलमध्ये सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असतो आणि भिंतीलगत बेसचा दाब नेहमीच सर्वांत जास्त असतो. एक-दीड फूट पुढे घेतला तरी फरक कळतो. खोलीच्या बरोबर मध्यभागी मात्र बसू नका. तिथे पहिली वारंवारता साफ नाहीशी होते आणि ‘सबमध्ये दमच नाही’ ही उलटी तक्रार सुरू होते. लांबीच्या साधारण एक तृतीयांशावरची बैठक सुरक्षित.

पोर्टेड सब असेल तर आणखी एक फुकटचा उपाय आहे: पोर्टमध्ये स्पंज किंवा गुंडाळलेले मोजे घट्ट बसवा. पोर्ट बंद झाला की ४० ते ६० चा फुगवटा उतरतो आणि खालचा आवाज एकदम कोसळण्याऐवजी हळूहळू उतरतो. एकूण जोर कमी होतो, पण लहान बंद खोलीत तो बहुतेकदा लागतच नाही. कापड आत पडून ड्रायव्हरला (डब्यात बसवलेल्या स्पीकरला) लागणार नाही एवढं जाड घ्या.

भिंतींना पातळ फोम लावून यातलं काहीही सुटत नाही. ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, दोन इंची फोम तिच्या खिजगणतीतही नसतो. अंड्यांचे ट्रे लावून तर फक्त झुरळांची सोय होते.

रिसीव्हरमधल्या चुका

जागा ठरल्यावर सेटिंग. आधी सेटिंग आणि मग जागा असं केलं तर सगळं दोनदा करावं लागतं.

रिसीव्हर असेल तर सबच्या पाठीवरचा क्रॉसओव्हरचा (कुठल्या वारंवारतेखालचा आवाज सबने वाजवायचा ते ठरवणारा) नॉब पूर्ण वर फिरवा किंवा एलएफई (सिनेमातला बेसचा वेगळा चॅनेल) असं लिहिलेल्या इनपुटला वायर जोडा. गाळण्याचं काम रिसीव्हर करतोच. सबवरही ८० आणि रिसीव्हरमध्येही ८० ठेवलं तर दोन गाळण्या एकापाठोपाठ लागतात आणि ८० च्या आसपास खड्डा पडतो. पुरुषी आवाज बारीक वाटतात ते अनेकदा याच खड्ड्यामुळे.

सगळे स्पीकर ‘स्मॉल’ वर ठेवा, उभे टॉवर असले तरी. ‘लार्ज’ म्हणजे स्पीकरचा मान राखणं, असा गैरसमज फार पसरलेला आहे. लार्ज ठेवलं की त्या स्पीकरचा बेस सबकडे जात नाही. पाच-सहा इंची बुकशेल्फ स्पीकरला ८० हर्ट्झ क्रॉसओव्हर चालतो. तीन इंची ड्रायव्हरचे छोटे सॅटेलाइट असतील तर १२० किंवा १५० लागेल, पण मग सबचा आवाज कुठून येतो ते कानाला कळायला लागतं. अशा वेळी सब पुढे, टीव्हीच्या जवळच हवा. सोफ्यामागे ठेवला तर हिरोचा आवाज पाठीमागून येईल.

‘एलएफई प्लस मेन’ हा पर्याय डेनॉन आणि मराँट्झच्या रिसीव्हरमध्ये असतो, यामाहात त्याचं नाव ‘एक्स्ट्रा बेस’. दोन्हीचा अर्थ पुढच्या स्पीकरचा बेस स्पीकरलाही आणि सबलाही देणं. छोट्या खोलीत यामुळे गोंधळच वाढतो. बंद ठेवा.

ऑटो सेटिंग (रिसीव्हर माइकने खोली मोजून स्वतः करतो ते) करताना पंखा आणि एसी बंद, माइक कानाच्या उंचीवर स्टँडवर, सोफ्याच्या पाठीपासून लांब. उशीवर ठेवलेल्या माइकची मापं चुकीची येतात. सेटिंग झाल्यावर सबचं अंतर आठ फुटांऐवजी तेरा फूट दिसलं तर ‘दुरुस्त’ करू नका. सबच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे आवाज किंचित उशिरा निघतो आणि रिसीव्हर तो उशीर अंतरात मोजतो. तो आकडा मुद्दाम तसा आहे.

पातळी मात्र नक्की पाहा. सबची ट्रिम (रिसीव्हरमधली सबची पातळी) उणे १२ वर जाऊन अडकली असेल तर सबच्या मागचा गेन (आवाजाचा नॉब) जास्त आहे. नॉब खाली घ्या, पुन्हा सेटिंग चालवा आणि ट्रिम उणे ५ ते ० च्या दरम्यान येईपर्यंत हे करा. सुरुवात नॉब साधारण दहा वाजण्याच्या जागेपासून करा.

फेजचा (सबची आणि स्पीकरची लाट एकत्र चालते की उलट) निर्णय कानाने घ्यायचा. ८० हर्ट्झचा टोन लावा, पुढचे स्पीकर आणि सब दोन्ही चालू ठेवा, एकजण बसायच्या जागी बसेल आणि दुसरा ० व १८० अशी बटणं बदलेल. ज्याला आवाज मोठा तो बरोबर.

स्वस्त रिसीव्हरमधली काही ऑटो सेटिंग सबच्या चॅनेलला इक्वलायझर (वारंवारतेनुसार आवाज कमी-जास्त करणारी सोय) लावतच नाहीत, फक्त पातळी आणि अंतर ठरवतात. त्यामुळे ‘ऑटो केलं तरी घुमतं’ यात नवल नाही. हाताने इक्वलायझर लावता येत असेल तर नियम एकच: उसळी कापा, खड्डा भरू नका. खड्ड्यात कितीही वॅट ओतले तरी लाटा एकमेकींना मारतच राहतात. ॲम्प्लिफायर तेवढा तापतो.

सब वाजतच नाही, किंवा मध्येच झोपतो

मध्येच झोपणं हे सुद्धा वरच्याच गेनचं भावंड आहे. सबचा गेन फार वर, म्हणून रिसीव्हरने ट्रिम उणे १२ केली, म्हणून वायरीतून जाणारा सिग्नल दुबळा झाला, म्हणून रात्री कमी आवाजात सबच्या ऑटो स्विचला सिग्नल आल्याचं कळतच नाही. सबचा गेन खाली आणि रिसीव्हरची ट्रिम वर घेतली की तो जागा राहतो. तरीही झोपला तर सबच्या डाव्या-उजव्या दोन्ही इनपुटला एक ‘वाय’ जोडणी लावा. बहुतेक सबमध्ये त्याने इनपुट थोडा वाढतो. किंवा सरळ स्विच ‘ऑन’ वर ठेवा आणि रात्री बोर्डावरून बंद करा.

मुळातच वाजत नसेल तर आधी स्टीरिओ गाणं लावून पाहा. स्पीकर लार्ज, सब ‘एलएफई’ आणि स्रोत स्टीरिओ असेल तर सबला द्यायला काही उरतच नाही, म्हणून तो गप्प असतो. ‘डायरेक्ट’ किंवा ‘प्युअर डायरेक्ट’ मोडही अनेक रिसीव्हरमध्ये सब बंद करतो. टीव्हीच्या डिजिटल आउटपुटमध्ये ‘पीसीएम’ निवडलेलं असेल तर ते ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ करा, नाहीतर ओटीटीवरचा ५.१ (पाच स्पीकर आणि एक सब) आवाज स्टीरिओ होऊन येतो.

सेटिंग ठीक असेल तर सब जिवंत आहे का ते बघा. गेन अगदी कमी ठेवून आरसीए वायरचं (रिसीव्हरकडून सबला सिग्नल नेणारी वायर) सबकडचं टोक तसंच ठेवा, रिसीव्हरकडचं काढा आणि मधल्या पिनला बोट लावा. ‘भ्रं’ आवाज आला तर सब आणि वायर दोन्ही ठीक, दोष रिसीव्हरकडे. आला नाही तर वायर बदलून पाहा, मग फ्यूज. फ्यूज पुन्हा टाकताना तेवढ्याच अँपिअरचा. चांदीचा कागद गुंडाळून चालवलेल्या सबचं पुढे काय होतं ते दुरुस्तीवाल्याला विचारा. दिवाच लागत नसेल आणि आत वरचं टोक फुगलेला कपॅसिटर दिसत असेल तर काम जाणकाराला द्या. प्लेट ॲम्प्लिफायरच्या (सबच्या पाठीवर बसवलेल्या ॲम्प्लिफायरच्या) आत २३० व्होल्ट खेळतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो.

एक वेगळीच चूक वारंवार दिसते. एकाच खोक्यात मिळालेल्या जुन्या ५.१ होम थिएटरचा सब नव्या रिसीव्हरच्या सब आउटपुटला जोडायचा प्रयत्न. त्या सबमध्ये ॲम्प्लिफायर नसतो, नुसता ड्रायव्हर असतो, तोही अनेकदा ३ किंवा ४ ओहमचा. सब आउटपुटमधून फक्त हलका सिग्नल निघतो, त्यावर तो वाजणार नाही. मध्ये वेगळा ॲम्प्लिफायर घालावा लागतो, आणि तो खर्च करण्याइतका बहुधा तो सब असत नाही.

गुणगुण

सिनेमा बंद असतानाही सबमधून बारीक ‘हुं’ येत असेल तर ती ५० हर्ट्झची वीज आहे. अर्थिंगचं वेटोळं तयार झालं की दोन उपकरणांच्या अर्थमधला फरक आरसीएच्या जाळीतून वाहतो आणि सब तो इमानाने वाजवतो. शोध असा घ्या:

१. सबच्या मागची आरसीए काढा. गुणगुण तशीच राहिली तर दोष सबमध्ये किंवा त्याच्या पुरवठ्यात. थांबली तर पुढे जा.
२. आरसीए परत लावा आणि सेट-टॉप बॉक्समधली केबलवाल्याची किंवा डिशची वायर काढा. बहुतेक घरांत गुणगुण इथेच थांबते.
३. थांबली नाही तर एचडीएमआय एकेक काढा, विशेषतः तीन पिनी चार्जरवर चालणारा लॅपटॉप किंवा पीसी.

पहिला उपाय: टीव्ही, बॉक्स, रिसीव्हर आणि सब एकाच बोर्डावरून चालवा. सबसाठी हॉलच्या दुसऱ्या टोकाचा सॉकेट वापरला असेल तर लांब एक्स्टेन्शन घेऊन पाहा. केबलवाल्याची वायर दोषी असेल तर बॉक्सच्या तोंडाशी कोएक्स आयसोलेटर (धातूची जोडणी तोडणारा छोटा जोड) लावता येतो. डिशच्या वायरीला साधा आयसोलेटर लावू नका. त्याच वायरीतून वर एलएनबीला (डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट जातात, ते अडले की चॅनेल जातील. डिशवाल्यांसाठी सोपी वाट म्हणजे बॉक्स टीव्हीला जोडायचा आणि टीव्हीतून रिसीव्हरला आवाज ऑप्टिकल वायरीने न्यायचा. त्या दोघांमध्ये दुसरी एचडीएमआय मात्र नको. ऑप्टिकलमध्ये धातूची जोडणीच नसते, वेटोळं तुटतं, आणि डॉल्बी डिजिटल ५.१ त्यातून व्यवस्थित जातो.

आरसीएवर लावायचे स्वस्त आयसोलेटर बाजारात शे-दोनशेला मिळतात. गुणगुण जाते, पण त्यांच्या आतल्या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरमधून खालचा बेसही गळतो. सबसाठी ते शेवटचा पर्याय समजा.

तीन पिनी प्लगची अर्थ पिन काढून गुणगुण घालवणं हा जिवाशी खेळ आहे. आत कधी विजेची फेज वायर बॉडीला लागली तर रिसीव्हरला हात लावणाऱ्याला झटका बसेल. जुन्या इमारतीत अर्थिंगच सुमार असेल तर ते आधी बघा. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले, किंवा फेज-अर्थमधले व्होल्ट फेज-न्यूट्रलपेक्षा बरेच कमी आले, तर वायरमनला बोलवायची वेळ आहे.

सबची वायर विजेच्या वायरींना समांतर बांधू नका. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. ‘सबवूफर केबल’ म्हणून महागडी घेण्याची गरज नाही. आरजी-६ कोएक्सला दोन चांगले आरसीए प्लग लावून घेतले की झालं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर पिनांवर काळसर थर येतो आणि खरखर सुरू होते; काढून पुसून पुन्हा घट्ट बसवा.

खडखड आणि टकटक

खडखड सबमधून येत नाही असं गृहीत धरून चालायचं. शोकेसची काच, सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीचा पल्ला, ट्यूबलाइटची पट्टी, पीओपीतला सैल दिवा, एसीची जाळी, स्वयंपाकघरातल्या मांडणीवर एकात एक घातलेली पातेली. ३० ते ८० हर्ट्झचा टोन हळू फिरवा, जिथे खडखड होईल तिथे थांबा आणि हाताने एकेक वस्तू दाबत जा. काचेला रबरी बीडिंग, पल्ल्याला फोम टेप, भांड्यांमध्ये कापड. देवघरातली घंटा वाजायला लागली तर मात्र आवाजच कमी करा.

टकटक वेगळी. स्फोटाच्या वेळी सबमधून कोरडा ‘टक्’ आला तर व्हॉइस कॉइल (ड्रायव्हरचा कोन, म्हणजे पुढचा पडदा, हलवणारी तारेची गुंडाळी) मागच्या प्लेटवर आदळतेय. पोर्टेड सबमध्ये ट्यूनिंगच्या खाली हवेचा अडसर संपतो आणि कोन मोकाट हलतो, म्हणून ४० ला ट्यून केलेल्या सबला २५ हर्ट्झचा दणका झेपत नाही. बेस बूस्ट बंद करा, ट्रिम दोन-तीन डेसिबल उतरवा. तरी आली तर तो सब तेवढाच आहे. वाजवत राहिलात तर कॉइल चेपते, आणि मग कमी आवाजातही खरवड ऐकू येते.

खालचे शेजारी

सोसायटीत सबची तक्रार आवाजाची नसते, थरथरीची असते. ध्वनी प्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती ‘ए’ वेटिंगमध्ये मोजतात. तुमच्या मापकावर सगळं मर्यादेत आणि खालच्यांची झोप उडालेली, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सबखाली जाड रबराचे पाय किंवा फोमचं आसन ठेवल्याने स्लॅबमध्ये थेट जाणारी थरथर कमी होते; हवेतून जाणारा बेस मात्र कमी होत नाही. रात्री रिसीव्हरचा नाइट मोड लावा आणि सबची ट्रिम पाच-सहा डेसिबल खाली घ्या. सबला बसायच्या जागेजवळ आणणं हाही चांगला उपाय आहे: जवळ असल्यावर कमी आवाजातही पुरेसा बेस मिळतो.

एवढं करूनही नवा घ्यायचाच असेल

वॅटच्या आकड्याकडे शेवटी बघा आणि पीएमपीओ (वॅटचा फुगवलेला क्षणिक आकडा) लिहिलेलं खोकं तिथेच ठेवा. वॅट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. पाहायचा आकडा म्हणजे उणे ३ डेसिबलची खालची मर्यादा, म्हणजे ज्या वारंवारतेला आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो ती. उदाहरण म्हणून पोल्कचा दहा इंची पीएसडब्ल्यू १० घ्या: कंपनीच्या कागदावर ३५ ते २०० हर्ट्झ असा रुंद पट्टा आहे, पण उणे ३ डेसिबलची खालची हद्द ४० हर्ट्झ, आणि ‘१०० वॅट’ हा क्षणिक आकडा, सलग ताकद ५० वॅट. कंपनी काही लपवत नाही, दोन्ही आकडे छापते; दुकानदार सोयीचा वाचतो. ज्या कागदावर ‘२५ ते २०० हर्ट्झ’ लिहून पुढे डेसिबलची मर्यादाच दिलेली नसते, त्या आकड्याला काही अर्थ नाही.

आकाराचा हिशोब कोनच्या क्षेत्रफळावर असतो. आठ इंचीचं कामाचं क्षेत्रफळ साधारण २१० चौरस सेंटिमीटर, दहा इंचीचं ३३०, बारा इंचीचं ५०० च्या आसपास. आणि सील्ड (पोर्ट नसलेल्या, बंद) डब्यात ४० ऐवजी २० हर्ट्झ तेवढ्याच जोरात वाजवायला चौपट हवा ढकलावी लागते. म्हणून बजेटमध्ये खरा २० हर्ट्झ शोधू नका. ३०-३२ पर्यंत स्वच्छ जाणारा सब मिळाला तर छोट्या हॉलला तो पुरतो.

दार बंद होणारी शंभर-सव्वाशे चौरस फुटांची खोली असेल तर सील्ड सबला पहिली पसंती. त्याचा आवाज खाली हळूहळू उतरतो आणि लहान बंद खोली नेमकी तिथेच थोडी मदत करते, म्हणून दोघांचं जमतं. बजेटात सील्ड सब कमी मिळतात हे खरं. हॉल स्वयंपाकघराला आणि पॅसेजला उघडा असेल तर ती मदत मिळत नाही. सबला ती सगळी हवा हलवावी लागते. तिथे दहा किंवा बारा इंची पोर्टेड घ्या, आणि खोलीचं माप घेताना उघडा भागही धरा.

एकच मोठा की दोन छोटे? फक्त गाणी आणि मालिका असतील आणि खोली घुमणारी असेल तर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन आठ इंची सब एका बारा इंचीपेक्षा सारखा बेस देतात. स्फोटांची हौस असेल तर एक मोठाच.

दुकानात गेल्यावर सबच्या डब्यावर बोटांनी ठोका. डबा पोकळ वाजला तर भिंती पातळ आहेत. १८ मिलिमीटर एमडीएफ आणि आत आडवी पट्टी असलेला डबा ठक्क वाजतो. पोर्ट दोन इंचांपेक्षा अरुंद असेल तर मोठ्या आवाजात त्यातून ‘फुस्स’ येईल. मागे फेजचा स्विच, ऑन-ऑटो स्विच आणि एलएफई इनपुट आहे का पाहा. तुमच्याकडे रिसीव्हर नसून जुना स्टीरिओ ॲम्प्लिफायर असेल तर स्पीकर वायर जोडायची हाय-लेव्हल टर्मिनल लागतील. मात्र ब्रिज्ड आउटपुटच्या (दोन्ही टर्मिनलांवर सिग्नल असणाऱ्या) छोट्या क्लास-डी ॲम्प्लिफायर बोर्डांना ती जोडण्याआधी विचारून घ्या. त्यांच्या काळ्या टर्मिनलला ग्राउंड समजून जोडलं तर बोर्ड जळू शकतो. शोरूमचा दणका ऐकून ठरवू नका. तिथली खोली तुमची नाही. त्यापेक्षा आठवड्यात परत घेण्याची अट कबूल करून घ्या.

पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जोडून मिळणारे सब किमतीत मोहात पाडतात. डबा जड असेल, ड्रायव्हर आणि प्लेट ॲम्प्लिफायर पुढे सुटे मिळणारे असतील तर ते घेण्यात गैर काही नाही. फक्त निळ्या दिव्यांचे आणि रिमोटचे पैसे देऊ नका.

वापरलेला सब घेताना ड्रायव्हरच्या कडेची पट्टी बोटाने दाबा. फोमची असेल तर दमट हवेत ती पिठासारखी सुटते, रबराची टिकते. दोन्ही तळहातांनी कोन सारखा आत ढकला. घासल्यासारखं लागलं तर कॉइल गेली. ड्रायव्हर उघडता येत असेल तर वायरी सोडवून मल्टिमीटर लावा: ४ ओहमचा साधारण ३ ते ३.५ दाखवेल, ८ ओहमचा ५.५ ते ७. दीड व्होल्टचा सेल क्षणभर प्लसला प्लस लावला की कोन बाहेर यायला हवा.

अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेला किंवा परत येताना आणलेला सब असेल तर प्लगमध्ये घालण्याआधी मागची पट्टी वाचा. ११५/२३० असा स्विच असेल तर तो बंद स्थितीतच बदला. फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, पट्टीवर लिहिलेल्या वॅटच्या किमान दीडपट व्हीएचा (व्हीए म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता). आणि सबही तासाभराने हात लावून पाहा: त्याच्या आतला ६० हर्ट्झसाठी केलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो.